पाहिलं तेवढंच

वैजयंता सरवदे बालवाडीत शिकवायची. पेणकरपाड्यातल्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ती आणि नवरा कोंडिराम राहायचे. समोरच्या दारात दुर्गा आणि तिचा रिक्षा चालवणारा मुलगा उत्तम. कोंडिरामला हार्ट अटॅक आला, तेव्हा लिफ्ट बंद होती. उत्तमनं त्याला पाठीवर घेऊन खाली नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात आसपासच्या सोसायट्यांतून पाण्याच्या मोटारी चोरीला जात होत्या. एका रविवारी दुपारी नाथा नावाचा भंगारवाला गेटमधून आत आला. त्याच्या गोणीत एक जुनी मोटार निघाली. ती मिक्सरची होती, पण ते बघायला कुणी थांबलं नाही.

आरडाओरडा ऐकून वैजयंता गॅलरीत आली. खाली पंधरा-वीस जणांचा घोळका होता. उत्तमनं हातातला बांबू नाथाच्या पायावर घातला.

"उत्तम, सोड त्याला!" ती ओरडली.

उत्तमनं वर पाहिलं. क्षणभर थांबला, आणि पुन्हा नाथाच्या पायावर बांबू घातला. वैजयंता जिन्यावरून धावत खाली पोचली, तोवर सगळे पांगले होते. नाथाचं डोकं फुटलं होतं. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात त्यानं प्राण सोडला.

पोलिसांनी विचारलं, तेव्हा इमारतीत कुणीच काही पाहिलं नव्हतं. वैजयंतानं मात्र उत्तमचं नाव घेऊन जबाब दिला. फौजदारानं तो वाचून बाजूला ठेवला.

"बाई, डोक्यात सळी घातली ती शिवा आणि बंटीनं. सगळ्या पाड्याला माहितेय, पण बोलत कुणी नाही. त्या दोघांचीही नावं घ्या."

"त्यांचे चेहरे मला दिसले नाहीत. नुसत्या पाठी दिसल्या."

"तुम्ही नाव घेतलं नाही तर दोघं सुटतील."

वैजयंतानं जबाबाचा कागद पुन्हा त्याच्यापुढे सरकवला. मग म्हणाली, "मी पाहिलं तेवढंच सांगणार."

त्याच संध्याकाळी दुर्गा आली. दारातच उभी राहिली. "ताई, त्या दोघांच्या पाठी दिसल्या म्हणता ना? मग माझ्या उत्तमचीपण पाठच दिसली म्हणा. एवढंच करा."

"दुर्गा, त्यानं माझ्याकडे बघितलं गं."

"भाऊजींना खाली नेलं, तेव्हा काय बघितलं होतं का त्यानं, आपले कोण नि परके कोण ते?"

आत कॉटवर बसलेल्या कोंडिरामनं तोंड फिरवलं. दुर्गा गेल्यावर तो म्हणाला, "मी आज जिवंत आहे तो त्या पोरामुळं."

"मला माहितेय, अहो. पण नाथाचीही बायको आहे. तिनं कुणाच्या दारात उभं राहायचं?"

त्यानंतर बरेच दिवस कोंडिराम ताट घेऊन कॉटवर एकटाच जेवायचा.

तीन वर्षांनी ठाण्याच्या कोर्टात केस उभी राहिली. पोलिसांनी उभे केलेले बाकीचे साक्षीदार फिरले. वैजयंतानं ईश्वराची शपथ घेतली नाही; गांभीर्यानं खरं सांगते, एवढंच म्हणाली. आरोपीच्या वकिलानं तेच धरलं.

"देव मानत नाही तुम्ही. मग खोटं बोलायची भीती कुणाची?"

"भीतीनं सांगत नाही मी. तो माणूस स्वतः येऊन सांगू शकत नाही, म्हणून सांगते."

"उत्तमनं डोक्यावर मारल्याचं पाहिलंत?"

"नाही. पायावर. दोनदा."

सरकारी वकिलानं कपाळाला हात लावला. उत्तम मान खाली घालून रडत होता.

शिवा आणि बंटी पुराव्याअभावी सुटले. उत्तमला एकट्यालाच तीन वर्षांची सजा झाली. कोर्टाबाहेर नाथाच्या बायकोनं वैजयंताला गाठलं. "ताई, पायावर मारल्यानं मरतो का माणूस? मग डोकं कुणी फोडलं?"

वैजयंता तिचा हात धरून उभी राहिली.

घरी परतल्यावर कोंडिराम म्हणाला, "भाईंदर पश्चिमेला खोली बघूया. इथं आता राहवणार नाही." वैजयंता नको म्हणाली. बालवाडीतली सहा मुलं पालकांनी काढून घेतली. दुर्गा जिन्यात दिसली की भिंतीकडे तोंड करून तिला वाट द्यायची.

एकदा सकाळी वैजयंता नाक्यावर भाजी घेत होती. शिवा मोटरसायकल थांबवून उतरला आणि चक्क तिच्या पाया पडला.

"काकू, तुमचे उपकार आहेत. माझं नाव नाही घेतलं तुम्ही."

वैजयंता मागे सरली. "मी तुझ्यासाठी काही केलं नाही. तू होतास ना तिथं?"

शिवा हसला. "आता काय त्याचं? केस संपली, काकू."

तो गेला. भाजीवाली मेथीची जुडी पुढे करून थांबली होती. पलीकडे, कांद्यांच्या ढिगापाशी, दुर्गा उभी होती. तिनं सगळं पाहिलं होतं.

"दुर्गा, थांब," वैजयंता म्हणाली. "ऐक तरी."

दुर्गा पिशवी उचलून चालायला लागली.