उलट्या तारांचा मीटर

पोरी, जरा कल्पना कर. मोर्शीच्या एका शाळेची प्रयोगशाळा. दहावीच्या एका टेबलाभोवती चौघं उभी आहेत. दोन मुलं तारा जोडताहेत, दोन मुली आकडे लिहून घेताहेत. असा नियम कुणी केलेला नाही. मुलींचं अक्षर चांगलं, म्हणून मुलींनी लिहायचं, एवढंच. आता त्या लिहिणाऱ्या मुलींतली एक तू आहेस असं समज.

नको, राहू दे. तिचं नाव शालू, आणि पुढचं जे आहे ते तिच्याच वाट्याला आलं.

शालूला पुढे फिजिक्स शिकायचं होतं. अमरावतीच्या विज्ञान प्रदर्शनात प्रयोग कोण दाखवणार, हे ठरवायचं होतं. गावंडे सर म्हणाले, "जो परिपथ बरोबर जोडेल, तो जाईल." शालूनं हात वर केला.

शेजारच्या पिंकीनं तिचं कोपर ओढलं. "शाले, पोट्ट्याइचं काम हाय ते. शॉक बसला म्हंजे?"

"तीन सेलात कायचा शॉक बसते?"

शालूनं पुस्तकात होतं तसंच जोडलं. सेलच्या धन टोकाची तार ॲमीटरच्या लाल टोकाला लावली. कळ दाबली. काटा शून्याच्याही मागे जाऊन आपटला.

सगळा वर्ग हसला. तिच्याच टेबलावरचा अमोल पुढे आला, त्यानं तारांची अदलाबदल केली. काटा सरळ चालला.

"हा मीटर उलटाच लावा लागते," तो म्हणाला. "दुरुस्तीत आतल्या तारा उलट्या बसल्या त्याच्या. सगळ्याइले माईत हाय."

"मले कोणी नाही सांगतलं."

"तुले काहून सांगू? तू कुठं हात लावतं त्याले?"

सरांनाही ते ठाऊक होतं. "अमोल जाईल," ते म्हणाले. "शालू, तू चार्ट लिही. अक्षर छान आहे तुझं. जे जमतं ते करावं."

पिंकी सगळ्यांत मोठ्यानं हसली. डब्याच्या सुटीत तिनं मुलींच्या घोळक्यात मीटरच्या काट्याची नक्कल करून दाखवली. मान मागे टाकली, डोळे पांढरे केले. "पाहा, शालू फिजिक्स शिकून राहिली!" मुली पोट धरून हसल्या. मग एकेकीनं जवळ येऊन शालूला समजावलं, की बायो बरं असतं आपल्याला, पाठ तरी करता येतं. त्या मनापासून सांगत होत्या, आणि तेच शालूला जास्त लागलं.

प्रदर्शनासाठी शाळेनं नवा मीटर घेतला; त्याचं खोकं थेट अमरावतीच्या टेबलावरच उघडलं. परीक्षक बाई टेबलाशी आल्या. अमोलनं दोन वर्षांच्या सवयीनं तारा लावल्या. काटा मागे आपटला.

त्यानं सेल काढून पुन्हा बसवले. मीटरवर टिचकी मारली. आपण उलटं जोडलंय हे त्याच्या डोक्यातच येईना, कारण त्याच्या हाताला तेच सरळ होतं.

शालूला पहिल्याच क्षणी कळलं होतं. ती मार्कर धरून चार्टजवळच उभी राहिली. अमोलच्या कानामागून घाम ओघळला, तो तिनं पाहिला आणि तिला बरं वाटलं. हेही तुझ्यापासून लपवत नाही मी.

"शालू," तो कुजबुजला, "काय झालं वं?"

"मले काहून इचारतं? मी कुठं हात लावते त्याले?"

अमोलचा चेहरा रडवेला झाला. परीक्षक बाईंनी घड्याळ पाहिलं आणि त्या पुढच्या टेबलाकडे वळल्या.

"मॅडम, थांबा," शालू म्हणाली.

तिनं दोन्ही तारा सोडवल्या, अदलाबदल करून घट्ट पिळल्या आणि कळ दाबली. काटा सावकाश पुढे सरकला. शालूनं वाकून आकडा वाचला आणि मार्कर अमोलच्या हातात ठेवला.

"शून्य पॉइंट चार. लिही. अन् अक्षर चांगलं काढजो."