राखीव जावई

टेनर म्हणजे पुरुषाच्या गळ्यातला सगळ्यांत उंच आवाज. ऑपेरात हा आवाज ज्याचा, त्यालाही टेनरच म्हणतात; त्याला प्रेम करावं लागतं, तलवार उपसावी लागते आणि शेवटी मरावंही लागतं. या टेनरने हे सगळं उभा जन्म केलं होतं. मरायची त्याला कधी भीती वाटली नाही. भीती होती ती मरणाच्या जरा आधी येणाऱ्या एका वरच्या सुराची. परवा तालमीत तो चिरकला. कोणी हसलं नाही. उलट सगळे फार मायेने वागले. तेव्हाच टेनरने ओळखलं, प्रकरण गंभीर आहे.

मुख्य गायकाचा घसा बसला तर पंचाईत नको, म्हणून थिएटरात एक राखीव गायक बसवून ठेवतात. भूमिका पाठ, वेष अंगावर, आणि पडदा पडेपर्यंत हलायचं नाही. या खेपेचा राखीव म्हणजे टेनरचा एकुलता एक जावई.

दुपारच्या प्रयोगाआधी मुलीचा फोन आला.

"बाबा, घसा कसा आहे?"

छान म्हणावं तर हिच्या नवऱ्याची संधी जाते, वाईट म्हणावं तर बापाची अब्रू.

"आहे," टेनर म्हणाला.

"आहे म्हणजे?"

"जागेवर आहे."

प्रयोग सुरू झाला आणि जावयाच्या फेऱ्याही. टेनर रंगपटात टेकला की हा दारात हजर. "बाबा, गरम पाणी." "बाबा, मफलर." "बाबा, जरा आ करा बघू," म्हणून टॉर्चसुद्धा. टेनर निमूट आ करी. इतक्या प्रेमाने बोकडाकडे फक्त खाटीक बघतो, हे त्याला ठाऊक होतं.

शेवटच्या अंकाआधी त्याने तो सूर हळूच लावून पाहिला. पुन्हा चिरकला. त्याने घाईघाईने बूट चढवले.

"अहो, घाबरलात का?" कोपऱ्यात बसलेल्या बायकोने विचारलं.

"छे!"

"मग बूट उलट्या पायांत का घातलेत?"

टेनरने पायांकडे पाहिलं. "जाऊ दे त्यालाच," तो म्हणाला. "माझ्याच्याने नाही होणार."

पण जावई जागेवर नव्हता. बूट सरळ करून टेनर स्वतः शोधायला निघाला. कपडेपटात टांगलेल्या झग्यांच्या रांगेखाली दोन पाय लटपटताना दिसले.

"जावईबापू, बाहेर या. तुम्हाला गायचंय."

"नाही बाबा! तुमचा घसा मी स्वतः बघितलाय, ठणठणीत आहे!"

"अहो, परवा चिरकला तो?"

"तुमचा एकदा चिरकला. माझा रोज चिरकतो. तुमच्या लेकीला विचारा, शेजारी भिंत ठोकतात."

"मग ती फोन करून घसा विचारत होती, ते?"

"मीच करायला लावला. तुम्ही बरे आहात, एवढं कानांनी ऐकायचं होतं."

इतक्यात स्टेज मॅनेजर धापा टाकत आला. "दोघांपैकी कोणीही चला. वाद्यवृंद सुरू झालाय."

झग्यांतून एक घामेजलेला हात आला आणि सासऱ्याची बाही घट्ट धरून बसला. टेनरने त्या हाताकडे पाहिलं. याचा आज चिरकला तर याचा जन्म जाईल. आपला चिरकला तर काय, आपला जन्म होऊन गेलाय. त्याने बाही सोडवून घेतली आणि रंगमंचावर गेला.

सूर जवळ आला. वाद्यवृंदाचा संचालक एकाएकी स्वरलिपीच्या वहीत डोकं घालून बसला. विंगेत जावयाने सासऱ्याच्याही आधी तोंड उघडलं होतं, आवाज मात्र नव्हता. टेनरने डोळे मिटले आणि सूर सोडला. आला. बारीक, कडेला विरलेला, पण आला आणि टिकला.

टाळ्यांच्या कडकडाटात टेनर ठरल्याप्रमाणे मेला. नायिका त्याच्या छातीवर पडून हंबरडा फोडत होती. हंबरड्यात श्वास घेताना ती कुजबुजली, "अहो, गुडघे थरथरतायत, आवरा. मेलात तुम्ही."

आवरेनात. उद्या पुन्हा प्रयोग होता.