मुलुंडच्या थांब्यावरची कराची रांग

मी एक जुना बसथांबा आहे, मित्रांनो. एक लोखंडी खांब आणि वर लाल पाटी, एवढंच माझं अंग. कुर्ल्याच्या कारखान्यात मी घडलो आणि मुलुंडच्या नाक्यावर मला रोवलं. नवा होतो तेव्हा लोक कौतुकाने पाटी वाचायचे. मग रंग उडाला, पानाच्या पिचकाऱ्याही झेलल्या, पण माझ्यासमोरची रांग कधी मोडली नाही.

चौऱ्याऐंशी साली मात्र त्या रांगेने काय धमाल उडवली, ते ऐकाच.

विक्रीकर थोडा वाढवून उपनगरांत नव्या बसगाड्या आणायच्या, अशी चर्चा पेटली होती. आमच्या रहिवासी संघाला आपला कौल सरकारला कळवायचा होता, म्हणून नाक्यावर सभा भरली. वनमालाबाई तर जीव मुठीत धरून आल्या होत्या. मरोळच्या कारखान्यात त्यांचं काम. थेट गाडी नाही, दोन बदलायच्या, एक चुकली की अर्धा खाडा. 'आता खाडा झाला तर घरीच बसा,' असं मुकादमाने बजावलं होतं.

किराणावाले शरच्चंद्रनाना तापले. "गाडीत बसणार तुम्ही आणि शिव्या खाणार मी. साबण महागला की गिऱ्हाईक माझ्या नावाने बोटं मोडणार."

"नाना, साबण घ्यायला आधी पगार तर हातात पडू दे," वनमालाबाईंची शुभा म्हणाली. दहावीतली पोर, पण आवाज खणखणीत.

"तू गप गं. तुझ्या घरी तेल लागत नाही?"

"लागतं ना. तेवढंच कामही लागतं."

सभा हसली. अध्यक्ष भाऊराव उठले. "हात मोजताना दरवेळी भांडणं होतात. रांगा करा. कर चालेल ते थांब्यापाशी, नको ते नानांच्या दुकानापाशी."

झालं. माझ्यापुढे रांग लागली आणि कामावरून परतणारी माणसं काही न विचारता तिच्या शेपटाला चिकटत गेली. मुंबईच्या माणसाला थांब्यावर रांग दिसली की पाय आपोआप थांबतात.

नाना खो खो हसले. "भाऊराव, हे मत देताहेत की गाडीची वाट बघताहेत? रद्द करा."

भाऊराव होकाराची मान हलवणार, तोच शुभा रांगेच्या टोकाकडे धावली. "काका, ही बसची रांग नाही. नव्या गाडीसाठी जादा कर द्यायला तयार आहेत, त्यांची आहे. वस्तू महागतील हं. नको असेल तर पलीकडे जा."

वनमालाबाईंनी डोळे मिटून घेतले. माणसं खरंच पलीकडे जाऊ लागली. "फुकट उभं केलंस गं," एक आजोबा पुटपुटले.

मग धोंडू लोहाराची पाळी आली. "महागणार काय, साबण? अगं, गाडी नाही म्हणून चालत येतो, तर घामाने दुप्पट साबण लागतो. मी हलत नाही."

हशा पिकला आणि त्याच्या मागचे कुणीच हलले नाहीत. मोजणी झाली. माझी रांग जिंकली, तीही शुद्ध मताने.

आमचा कौल सरकारकडे गेला, कर थोडा वाढला आणि पुढच्या वर्षी मरोळची थेट गाडी आली. वनमालाबाई पहिल्या चढल्या. मागोमाग नानाही चढले, "बघू तरी" म्हणत.

मित्रांनो, ती गाडी घराघरांतून थोडी थोडी गोळा होऊन आली आहे. तिच्या सीटवर कुणी ब्लेड चालवायला लागलं, तर मला खांबाला बोलता येत नाही. तुम्हाला येतं.