मधलं फाटक

मिस्टर हॉलिसनी नव्वदी कधीच ओलांडली होती आणि त्यांची एकच इच्छा उरली होती: क्रिकेटच्या मैदानात एकदा तरी मधल्या फाटकातून उतरायचं.

अर्चनानं आधी ते हसण्यावारी नेलं. ती मूळची पुण्याची, इंग्लंडमध्ये बेसिंगस्टोकला म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांचं सकाळचं सगळं करून द्यायची. हळूहळू तिला कळलं. हॉलिस दोन महायुद्धांच्या मधल्या काळात कौंटीचे सलामीचे फलंदाज होते, पण पगारी. मधलं फाटक आणि त्याच्या पायऱ्या फक्त हौशी, बिनपगारी साहेबलोकांसाठी. त्यांना ‘मिस्टर’ म्हणायचं, पगारी माणसाला नुसतं ‘हॉलिस’, आणि त्यानं बाजूच्या फाटकातून यायचं. सलामीची जोडी एक, दारं दोन. काय एकेक थेरं! त्यात ऑगस्टमध्ये शाळांना सुट्टी लागली की कोणी मास्तरसाहेब हौसेनं खेळायला यायचे आणि चांगले खेळणारे हॉलिस घरी बसायचे. उमेदीची उरलेली वर्षं युद्धानं खाल्ली.

आता २००४च्या उन्हाळ्यात कौंटीच्या क्लबनं त्यांना सर्वांत जुना खेळाडू म्हणून लंचच्या वेळी मैदानात बोलावलं होतं. पायऱ्या चढता-उतरता याव्यात म्हणून ते रोज सकाळी अर्चनाचा हात धरून घरातल्या जिन्यावर सराव करत होते.

क्लबशी फोनाफोनी अर्चनाकडेच होती. तिचा नवरा अजय म्हणाला, “अगं, व्हीलचेअर रिक्वेस्ट करून ठेव. बाबांना हीथ्रोला नाही का केली? क्यू नाही, काही नाही, थेट आत.” सासरे चांगले टुणटुणीत, पण दर खेपेला खुर्चीत बसून राजासारखे बाहेर यायचे. आपल्यात कोण करत नाही? अर्चनानं क्लबला तसं सांगून टाकलं.

त्या दिवशी हॉलिस कौंटीची जुनी टोपी घालून, काठी टेकत मधल्या पायऱ्यांपाशी पोचले. तिथे क्लबचा माणूस खुर्ची घेऊन उभा होता.

“पायऱ्या नकोत सर. व्हीलचेअर मागितलीत ना, मग रॅम्पनंच जायचं. इन्शुरन्सचा प्रश्न असतो.”

“त्यांना चालता येतं,” अर्चना म्हणाली. “मी धरते त्यांना. प्लीज.”

माणूस भला होता, म्हणूनच ऐकेना. लंच संपत आलं होतं. हॉलिस निमूट खुर्चीत बसले.

रॅम्प बाजूच्या फाटकाला होता.

ते फाटक दिसताच हॉलिसनी टोपी काढून खिशात घातली. अर्चनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“सॉरी, मिस्टर हॉलिस. हे माझ्यामुळे झालं.”

“नुसतं हॉलिस म्हण,” ते म्हणाले. “इथून जाताना तसंच म्हणतात.”

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्यांनी हात वर केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्चना गेली, तेव्हा ते जिन्याकडे पाठ करून बसले होते. तिनं नेहमीसारखा हात पुढे केला. त्यांनी तो धरला नाही. तशी खुर्ची घरी वापरायला मिळेल का, एवढंच त्यांनी विचारलं.