वैनगंगेवर पुन्हा घुमलेले इंजिन

मित्रांनो, नावेच्या मागच्या फळीला घट्ट धरून, अर्धे अंग पाण्यात बुडवून काम करणारे मी एक म्हातारे इंजिन आहे. दोरी ओढली की मी खोकते, धूर सोडते आणि मग नावेला पुढे ढकलते. माझे बळ थोडे आहे, पण ते माझे स्वतःचे आहे.

माझा जन्म दूरच्या कारखान्यात झाला. करडी गावच्या केशवरावांनी मला आणले आणि आपल्या नावेला लावले. तेव्हा जवळपास पूल नव्हता. मी वैनगंगेच्या या काठावरून त्या काठावर नवऱ्या नेल्या, धानाची पोती नेली, परीक्षेला निघालेल्या मुली नेल्या. भर पुरात अडलेल्या बाळंतिणीला पलीकडे पोचवले, तेव्हा साऱ्या घाटाने मला हळद-कुंकू वाहिले होते.

पुढे पूल झाला आणि मला कोणी विचारेना. मी गोठ्याच्या आढ्याला टांगले गेले. माझ्यावर कोंबड्या बसत. खाली पडून माझ्या पाण्यात फिरणाऱ्या पंख्याचे एक पाते तुटले, तरी कोणी उचलले नाही.

मला शेवटी उचलले ते केशवरावांच्या सुनेने, शोभाताईंनी. त्या गावात धान भरडायची गिरणी चालवतात. भंडाऱ्याच्या काही हौशी मंडळींनी मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या दिवसांत जुनी इंजिने लावलेल्या होड्यांची शर्यत सुरू केली होती. ते ऐकून शोभाताईंनी माझा गंज काढला. तसा नवा पंखा कुठे मिळेना, म्हणून भंडाऱ्यात तशाच मापाचा पितळी पंखा ओतून घेतला. कितीतरी वर्षांनी मी पाणी कापले! मित्रांनो, तो आनंद कसा सांगू?

पण त्या वर्षी मी फार मागे राहिले. चंदन नावाच्या तरुणाचे इंजिन माझ्याच जातीचे, तरी ते बाणासारखे सुटले. त्याने सिलिंडरवरचे झाकण घासून आतला दाब वाढवला होता, पेट्रोल जास्त जावे म्हणून कार्बोरेटरचे तोंड मोठे केले होते. त्याला गाठायला एकोडी गावच्या भुपेंद्रनेही तसेच केले होते. मधल्या पात्रात भुपेंद्रचे इंजिन धाडकन फुटले. त्याचा हात भाजला आणि माझ्यासारखाच एक जुना जीव कायमचा गेला. चंदन पहिला आला, पण काठावर कोणाचेच तिकडे लक्ष नव्हते.

शर्यत भरवणाऱ्या मधुकररावांचे भांड्यांचे दुकान आहे. तिथे सगळे जमले. दाखवायला म्हणून शोभाताईंनी मलाही नेले होते.

मधुकरराव म्हणाले, "मी शर्यत बंदच करतो. नाईतर कंपनीचे मूळ पार्ट असन त्यालेच उतरू देतो."

"मंग कोणीच उरत नाई जी," हाताला पट्टी बांधलेला भुपेंद्र म्हणाला. "मूळ पार्ट आता भेटतेतच कुठी?"

"तर मंग सारंच खुलं ठेवा," चंदन उसळला. "ज्याले जे जमते ते करू द्या. अन् काकू, तुमचा पितळी पंखा काय कंपनीचा हाये?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मला वाटले, आता पुन्हा गोठा!

शोभाताई शांतपणे म्हणाल्या, "नाई ना बापा. तुटला म्हणून बदलवला. झिजलं, तुटलं ते खुशाल बदलवा, पितळेचं करा नाईतर लोखंडाचं. पण माप मूळचंच पाह्यजे. जोर वाढवासाठी आतमंदी कानस लावाची नाई. अन् जो पहिला येईन, त्याचं इंजिन साऱ्याईसमोर उघडाचं."

"तुमी पहिल्या आल्या तर?" चंदनने विचारले.

"तर माहं उघडा. मापाले तूच बस."

"बसतो," चंदन म्हणाला. मधुकररावांनी मान डोलावली आणि नियम ठरला.

पुढच्या मंडईला नदीचे दोन्ही काठ माणसांनी भरले. घासलेले भाग बदलून चंदनने आपले इंजिन पुन्हा मूळ मापावर आणले होते. सुटताना तो पुढे, त्याच्यामागे मी. वळणाच्या तरंगत्या पिंपाजवळ तो घाईने दूर फेकला गेला. शोभाताईंनी मला अगदी पिंपाला घासून वळवले. मग आम्ही दोघे शेजारी शेजारी, धूर धुरात मिसळत धावलो. शेवटी माझ्या नावेचे नाक हातभर पुढे निघाले आणि काठावर एकच आरोळी उठली!

पण विजय अजून ठरला नव्हता. रेतीवर ताडपत्री अंथरून मला उघडले. चंदनने झाकण मोजले, कार्बोरेटर मोजला. मग पितळी पंखा माझ्या जुन्या पंख्याच्या धड पात्यांशी लावून पाहिला. फिरवून फिरवून पाहिला. शोभाताई पदराने हात पुसत उभ्या होत्या. मी तर सुटे सुटे होऊन पडले होते, माझ्याजवळ लपवायला काही नव्हते.

चंदन उठला. मोठ्याने म्हणाला, "कुठंच कमीजास्त नाई! जिंकल्या तुमी, काकू!"

मग हळूच म्हणाला, "मागच्या साली मी जिंकलो, तं कोणी टाळीसुद्धा वाजवली नाई. आज हारलो, अन् बरं वाटून राह्यलं."

"अजून मोकळा नाई झाला तू," शोभाताई हसल्या. "खोललं कोणं? आता जोडू लाग."

भर गर्दीत दोघांनी मिळून मला जोडले. पहिल्याच दोरीला मी गर्जले. मधुकररावांनी बक्षीस म्हणून पितळेचा चकचकीत गुंड, पाणी भरायचा हंडा, शोभाताईंच्या हाती दिला आणि ढोलकीवाल्यांनी ताल धरला.

मित्रांनो, तुमच्याही घरात, कोठारात एखादे यंत्र मुके होऊन पडले असेल. त्याचा गंज काढा, त्याला तेल द्या, मोडले ते नीट करा. पण त्याच्या अंगात नसलेले बळ त्याच्याकडून ओरबाडू नका. त्याचे स्वतःचे बळ त्याला पुरते. खोटे वाटत असेल तर मंडईच्या दिवसांत नदीवर या आणि माझी दोरी एकदा ओढून पाहा!