जानेवारीतल्या चुका

किटलीचा खटका पडला. घर इतकं गप्प होतं की मी दचकलेच. हा तिसरा. जोएल रिकामा मग हातात घेऊन ओट्यापाशी उभा होता. आधी दोनदा उकळलेलं पाणी त्याने ओतलंच नव्हतं.

"चहा करतोयस की पाण्याचा छळ?"

"करतोय की," तो म्हणाला आणि पुन्हा बटण दाबलं.

यातून काय समजायचं? हा माणूस मुळातच विसराळू. लग्नाच्या दिवशी अंगठी सरावाच्या बुटात विसरून आला होता. मग माझ्या सासऱ्यांनी, क्लिफनी, चर्चच्या दारातच आपली काढून दिली. कुठलं विसरणं जुनं आणि कुठलं नवं, मला कळेनासं झालंय.

दोन आठवड्यांपूर्वी रग्बीच्या सामन्यात एकाला अडवताना जोएलचं डोकं समोरच्याच्या गुडघ्यावर आदळलं. असं झालं की क्लबच्या डॉक्टरीणबाई दहा शब्द वाचतात, खेळाडूने ते आठवून म्हणायचे. हंगामाआधी, जानेवारीत, सगळ्यांची हीच परीक्षा घेतलेली असते. तिच्याशी ताडून बघतात. जोएल पास झाला. उद्या गुड फ्रायडे, शेजारच्या गावाशी सामना. त्याचा करार या वर्षी संपतो.

"उद्या बाहेर बसलो तर मला संघात कोण ठेवेल, बेथ? एकतीस वर्षांचा आहे मी. सोळाव्या वर्षापासून दुसरं काही केलंय का?"

दुपारी डॉक्टरीणबाईंचा मला फोन आला होता. "मैदानावर ठीक दिसतोय. घरी कसा आहे? चारला संघ जाहीर करतात. मी त्याआधी पुन्हा फोन करीन, तेव्हा सांगा."

त्यांना माहीत नसलेली एक गोष्ट मला माहीत आहे. जानेवारीत तो हसत घरी आला होता. "मुद्दाम चार शब्द चुकलो. सगळेच करतात. म्हणजे पुढे डोकं आपटलं तरी पास." मीही हसले होते. क्लिफ तर खूश झाले होते. "आमच्या वेळी गार स्पंज डोक्यावर पिळायचे. मला माझं नाव आठवलं की परत मैदानात पाठवायचे. नाही आठवलं तर कॅप्टन सांगायचा."

टेबलापाशी नेल बसली होती, आमची चार वर्षांची. डॉक्टर-डॉक्टर हा तिचा सध्याचा खेळ. जोएल खुर्चीत बसला, तशी ती त्याच्या मांडीवर चढली. खेळात चेपून फुगलेला त्याचा कान धरूनच ती चढते, जन्मल्यापासूनची पकड आहे ती.

"लिंबू, घोडा, पडदा, सुई, बदक. म्हण."

"लिंबू," जोएल म्हणाला. "घोडा." मग थांबला. खिडकीबाहेर बघितलं. "लिंबू."

"ते झालं, डॅडी."

"हो का? मग... साबण."

नेल खिदळली. त्याने मला डोळा मारला. "मुद्दाम," तो म्हणाला. पण डोळा मारायला त्याला जरा उशीर झाला. की मलाच तसं वाटलं? रात्र-रात्र झोप नाही मला. माझंही डोकं कुठे ठिकाणावर आहे?

तो चटकन उठला, बॅग भरायला वर गेला. मग ओट्यावर मला दिसलं: मगमध्ये चहाच्या तीन पिशव्या, पाणी नाहीच.

आणि तेव्हा, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, डोक्यात आलं. जानेवारीत तो मुद्दाम चुकला होता, हे मला कुणी सांगितलं? त्यानेच. त्याला तरी ते नक्की माहीत होतं का? की ते चार शब्द तेव्हाही आठवलेच नव्हते?

चारला दहा कमी असताना फोन थरथरायला लागला. पडद्यावर डॉक्टरीणबाईंचं नाव. वरून जोएलच्या शिट्टीचा आवाज येत होता, सूर अगदी बरोबर. मी फोन उचलला, कानाला लावला.

"हं, बेथ, बोला."

नेलने माझा स्वेटर ओढला. सुई, बदक, पडदा, सगळं तिच्या बोटांवर मोजलेलं होतं.

"मम्मी, डॅडी मुद्दाम चुकतो ना?"