रखमाबाईचा फोटो

"कोट कुठला घालू? काळा की निळा?" राजेंद्रने कॉम्प्युटरवरून नजर न काढता विचारलं.

"पप्पाने तो लाइफ में कभी कोट पहना ही नहीं," काउंटरपलीकडचा सिंधी मुलगा म्हणाला.

"आता घालतील. निळा बरा दिसेल."

मुलगा हो म्हणाला. गेलेल्या माणसाच्या बाबतीत घरचे सहसा हो म्हणतात. राजेंद्रने लग्नाच्या घोळक्यातून उचललेलं म्हाताऱ्याचं डोकं अलगद निळ्या कोटावर बसवलं, मागे आकाशी रंग सोडला, आणि आयुष्यभर पापड विकलेला म्हातारा एकदम बँकेचा मॅनेजर दिसू लागला. मुलाचे डोळे भरून आले. ते पाहून राजेंद्रने प्रिंट काढायला घेतली.

उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधल्या त्या दुकानावर पाटी 'पासपोर्ट फोटो दहा मिनिटांत' अशी असली, तरी दुकान चालत होतं ते गेलेल्यांच्या जिवावर. जिवंत माणसं आता दिवसभर स्वतःचेच फोटो काढत बसतात, आणि मेल्यावर भिंतीवर लावण्याजोगा एक सापडत नाही. तो राजेंद्र करून द्यायचा. शेजारचा धर्मेश त्याला फ्रेम घालायचा आणि वर चंदनाचा हार फुकट द्यायचा.

तेवढ्यात फोन वाजला. हल्ली फोन वाजला की राजेंद्र आधी नाव बघायचा. मायाचाच होता. त्याची धाकटी बहीण बदलापूरला नर्स होती आणि आई तिच्याकडेच होती.

"दादा, आईला घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, हृदयात काही ताकद राहिली नाही. आता किती दिवस ते सांगता येत नाही." मग तिने आवाज खाली आणला. "दादा, तुझ्याकडे आईचा फोटो आहे ना रे? एखादा नीट?"

"आहे की," राजेंद्र म्हणाला.

नव्हता. सगळ्या गावाच्या मेलेल्यांना तोंडं देणाऱ्या माणसाकडे स्वतःच्या आईचं तोंड नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. कॅमेरा वर केला की रखमाबाई पदर तोंडावर ओढायची, नाहीतर चहा टाकायला आत पळायची. राजेंद्रच्या लग्नाच्या अल्बममध्ये आई होती, पण कुठे पाठ, कुठे नुसता पदर, कुठे वाकड्या करंगळीचा एक हात. लाजते बिचारी, असंच तो इतकी वर्षं धरून चालला होता. राहता राहिला आधार कार्डावरचा फोटो. तो मोठा केला की आईऐवजी नुसते ठिपके दिसत.

त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. ताटावर बसला असताना स्वप्नालीने, कॉलेजात शिकणाऱ्या त्याच्या लेकीने, मोबाइल त्याच्यापुढे धरला.

"पप्पा, हे बघा. मुंबईत जुन्या फोटोंचं प्रदर्शन आहे. शरदचंद्र म्हणून कोणी फोटोग्राफर होते, अस्पृश्यतेवर काम केलेलं त्यांनी. खाली लिहिलंय, 'बदलापूरजवळचं खेडं, १९७८. अनामिक स्त्री.' पण करंगळी बघा ना."

काळापांढरा फोटो होता. वरून, कुणाच्या तरी पडवीतून, बांगड्या भरलेला एक हात तांब्याने पाण्याची धार सोडत होता. खाली जमिनीवर एक तरुण बाई ओंजळ तोंडाला लावून, मान उंच करून ती धार पीत होती. तांब्या आणि ओंजळ यांच्यात हातभर अंतर. बौद्ध धर्म घेऊन वीसेक वर्षं झाली होती, पण गावातल्या विहिरीला ते कुणी कळवलं नव्हतं. ओंजळीची करंगळी वाकडी होती.

"आजी आहे ना?" स्वप्नाली म्हणाली. "किती भारी दिसते! मी खाली कमेंट टाकू? नाव तरी कळू दे लोकांना."

"काही टाकू नकोस," राजेंद्र ओरडलाच. बायको स्वयंपाकघरातून डोकावून गेली. आपण का ओरडलो हे त्यालाही नीट कळलं नाही. बिल्डिंगमधल्या लोकांनी हे बघावं असं त्याला वाटत नव्हतं, आणि असं वाटतं याची लाजही वाटत होती.

पण धंदेवाईक डोळा गप्प बसेना. चेहऱ्यावर काय उजेड पडला होता! हनुवटीवरचं गोंदण, गळ्याची शीर, ओल्या पापण्या. सकाळी दुकान उघडल्याबरोबर त्याने तो फोटो कामाला घेतला. आधी तांब्या काढला, मग बांगड्यांचा हात, मग ओंजळ, मग धार. हल्ली हे सगळं चुटकीसरशी होतं. सगळं काढून झाल्यावर उरली ती तोंड उघडं टाकून आभाळाकडे बघणारी बाई, भीक मागितल्यासारखी. त्याने तोंड मिटवलं. मान सरळ केली. आता ती दुसरीच कुणीतरी झाली. त्याने मायाला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"तिला न विचारता तो फोटो भिंतीवर लावलास तर याद राख," माया म्हणाली. "ती अजून आहे, दादा. मेलेली नाही."

दुकान धर्मेशवर सोपवून राजेंद्रने स्कूटर काढली. कॅमेऱ्याची पिशवी पायाशी ठेवली. अंबरनाथच्या सिग्नलला मोबाइल थरथरला, तेव्हा त्याने घाईघाईने तो खिशातून काढला. कुठल्याशा कर्जाचा मेसेज होता.

मायाच्या घरात आई खाटेवर उशांना टेकून बसली होती. समोरच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि त्यांच्या खालच्या अंगाला भीमराव, राजेंद्रचे वडील, सुटात. तो सूट राजेंद्रनेच चढवलेला. शेजारी एका फ्रेमपुरती जागा रिकामी होती. राजेंद्रने तिकडे बघायचं टाळलं.

त्याने आधी आपला दुरुस्त केलेला फोटो आईपुढे धरला. तिने चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं.

"पानी कुठं हाय?" ती म्हणाली.

मायाने राजेंद्रकडे पाहिलं. मग त्याने मूळ फोटो दाखवला.

"हां," रखमाबाई म्हणाली. "हा कुंदाबायचा हात."

"आई, तुला राग नाही येत?"

"राग व्हताच. पन तो रोजचा. सगलेच वरून ओतायचे, कुनाकुनाचा राग धरनार?" तिला धाप लागली. माया पुढे झाली, तिने हातानेच थांबवलं. "तो सायब मुंबैवरना आलेला. मी गवताचा भारा टाकला, पडवीखाली बसले, पानी मांगलं. कुंदाबायनं ओतलं, मी प्याले. तहान भागली. उठाया लागले तर तो म्हनला, बाई, परत. मला वाटलं माजंच काय चुकलं. परत बसले. परत ओतलं. तरी परत. म्हने उजेड चांगला हाय, धार नीट दिसाया पायजे."

"किती वेळा?" मायाने विचारलं.

"कोन मोजतंय? पोट तट्ट झालं. हा पोटात व्हता." तिने राजेंद्रकडे हनुवटी केली. "शेवटाला कुंदाबायचा हात भरून आला. ती म्हनली, अवो पुरे आता, हात दुखतो. तवा तो म्हनला, माफ करा हां बाई. तिला म्हनला. माज्याकडं कुनी बघितलं नाय. वाटेत बांधावर बसून सगलं वकले."

"तू हे कधी बोलली नाहीस, आई."

"काय बोलू? पानी पाजलं म्हनून तक्रार करू?"

राजेंद्रने मोबाइल बंद करून खिशात टाकला.

"मानूस वाईट नव्हता," आई आपणहून म्हणाली. "जाताना मला हात जोडलं. तुमच्याच भल्यासाठी काडतो म्हनला. असंल. पन कॅमेरा बघितला का अजून माजं पोट तट्ट होतं. काय करू?" तिची नजर त्याच्या पायाशी गेली. "त्या पिशवीत काय हाय?"

"कॅमेरा."

"माजा काडाया आनला?"

खोटं बोलायला त्याच्याकडे तोंड नव्हतं. "हो," तो म्हणाला.

खाली रिक्षावाल्यांचं भांडण चाललं होतं, रखमाबाई ते ऐकल्यासारखी बसून राहिली. मग तिने मायाला फणी मागितली. भांग काढून घेतला, पदर डोक्यावरून नीट घेतला आणि उशा काढायला लावल्या. टेकूशिवाय बसायला तिला किती त्रास होत होता ते दोघांनाही दिसत होतं.

"काड," ती म्हणाली. "पन येकदाच. परत म्हनायचं नाय."

हजारो लग्नं, बारशी, साखरपुडे काढलेल्या राजेंद्रने कॅमेऱ्याचं सेटिंग दोनदा तपासलं. त्याने खिडकीचा पडदा सारला, खाली बसला, श्वास धरला. आई थेट त्याच्याकडे बघत होती. पदराआडून नाही, आतल्या खोलीतून नाही. त्याने बटण दाबलं.

कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फोटो उमटला. हनुवटीचं गोंदण, डोक्यावरचा पदर, ताठ मान, सगळं होतं. डोळे मिटलेले होते. नेमक्या त्या क्षणाला पापणी पडली होती.

'अजून एक, आई' हे शब्द त्याच्या ओठांपर्यंत आले. पंचवीस वर्षांची सवय. या धंद्यात कुणी एकावर थांबत नाही. त्याने ते शब्द गिळले.

"आला का?" आईने विचारलं.

"आला."

"बरा?"

"झकास आला, आई."

"मंग ठेव ते यंत्र, आन् जेवून जा. मायानं वांगी केलीत."

पंधरवड्याच्या आतच रखमाबाई गेली. जलदान विधीच्या आदल्या दिवशी राजेंद्रने प्रिंट काढली आणि धर्मेशच्या दुकानात नेऊन ठेवली. धर्मेशने ती उजेडात धरली.

"अरे राजू, माँ की आँखें बंद हैं यार. खोल दे ना. तेरा तो दो मिनट का काम है."

दोन मिनिटांचंच होतं. कुणाकुणाचे डोळे त्याने उघडून दिले होते. आईचे उघडे डोळे कुठे मिळतील तेही त्याला ठाऊक होतं. तेवीस वर्षांचे, पापण्या ओल्या असलेले, वरच्या धारेवर लागलेले.

"नको," राजेंद्र म्हणाला. "असाच बसव."

धर्मेशने त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं, मग काच पुसायला घेतली.